बोरन्हाणातले दाणे

सासूबाईंना मी चारदा सांगितलेलं, अहो आई, बोरन्हाणात शेंगदाणे नकोत, पोरीचे चिक्कीच्या तुकड्यानं ओठ सुजले होते ना. त्या म्हणाल्या, "बरं बाई." आणि आमच्या बिबवेवाडीच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका जमल्या, लेकीला पाटावर बसवलं, मी चुरमुरे न् बोरं ओतली, तेवढ्यात सासूबाईंनी पदराआडून मूठ काढली आणि भाजलेले दाणे तिच्या डोक्यावरून सोडलेच.

"नुसते टाकायचेत गं, खायचे कुठायत? आणि खाल्ला एखादा तर सवय होईल. आमच्या वेळी नव्हती असली नाटकं."

पोरं लुटायला धावली. माझी दोन वर्षांची, तीही वेचायला लागली. मी पोचेपर्यंत दाणा तोंडात.

अंगभर गांध्या उठल्या, डोळे सुजून मिटले, मग श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. रिक्षात मी देवाचं नाव घेतलं नाही, सासूबाईंचं घेत होते. काय काय म्हणत होते ते लिहीत नाही.

दवाखान्यात इंजेक्शननं श्वास मोकळा झाला. डॉक्टरबाई मला कळेल असं बोलल्या. धुळीनं शिंका येतात ती एक ॲलर्जी, कातडी खाजून फुटते ती एक, दम लागतो ती एक, आणि ही घसाच बंद करणारी, बघता बघता जीव नेणारी. अंगातले राखणदार साध्या दाण्याला चोर समजतात. घरी सवय लावायला जायचं नाही, कधीच नाही. मी विचारलं, मग सासूबाईंचा आमवात? म्हणाल्या, तिथं राखणदार आपल्याच सांध्यांना मारतात.

आठवीपर्यंत शिकलेय मी, पण हे नीट लक्षात ठेवलं. मला ते वापरायचं होतं.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी सासूबाईंची बोटं आखडलेली. "अगं, चहाचा डबा उघडून दे."

"नाटकं करू नका आई. हाताला सवय लावा."

नवरा ओरडला. ओरडू दे. त्या रडल्या, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

लेक अजून आजीकडेच धावते, तिला काय कळतंय. मी अडवत नाही. आधी सासूबाईंना बेसिनपाशी नेते, साबण लावून त्यांचे हात मीच धुते, बोटांच्या बेचक्यातून, नखांखालून, चांगला जोर लावून.

"दुखतं गं."

"दुखू दे."

मग हात पुसते, लेकीला त्यांच्या मांडीवर देते, आणि तिथंच उभी राहते, तिचा श्वास ऐकत.