बसची डावी बाजू

खरं सांगतो, त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटायचं. लाज कसली त्यात? मी चिंचवडचा. किराणा दुकान, पिठाची गिरणी, देवळावरचं 'श्री', आसपासच्या सगळ्या पाट्या माझ्या हातच्या. गोल, भरदार अक्षरं, खाली लाल सावली. आणि हा कोकणातला गडी मुंबईच्या छापखान्यात चार वर्षं काढून पिंपरीला उतरतो काय आणि दोन महिन्यांत त्याचा बोलबाला होतो काय! मी त्याचं नाव कधी घेतलं नाही. 'तिरका' म्हणायचो.

कारण त्याची अक्षरं तिरकी. चिंचोळी, एकाच जाडीची, टोकांना पाय नाहीत की नखरा नाही, सगळी उजवीकडे झुकलेली. इंग्रजी सोडाच, मराठीही तो तसंच लिहायचा. शिरोरेघ सरळ आडवी आणि खाली काने तिरपे. नव्या कंपनीत विजेच्या खोलीवर त्यानं 'धोका' लिहिलं, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "काय राव, धोका बघून अक्षरंच पळाली की!" सगळे हसले. पाटी मात्र तिथंच राहिली.

आमची जमीन त्याच कंपनीत गेली होती. गेली ती गेली, पण तिथंच पेंटर म्हणून कायम व्हायचं, एवढं एकच माझं मागणं होतं. निदान आपल्या वावरात ब्रश घेऊन तरी उभं राहावं! साहेबांनी फाटकावरची पाटी आधी मलाच दिली. नाव लांबलचक, पत्रा आखूड. माझ्या भरदार अक्षरांनी सगळी जागा खाल्ली आणि शेवटचं 'लिमिटेड' कोपऱ्यात कसंबसं कोंबावं लागलं. साहेबांनी ती पुसून तिरक्याला दिली. त्यानं तेवढ्याच पत्र्यावर अख्खं नाव बसवलं, वर दोन बोटं जागा उरली. साहेब त्या दोन बोटांकडेच कौतुकानं बघत राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी तरी सुख असावं? बायको एकदा त्या रस्त्यानं आली आणि जेवायला वाढताना म्हणाली, "अवो, मला वाचाया येत न्हाई, पर फाटकावरची ती अक्षरं बघाया लई ग्वाड हायेत." मी भरल्या ताटावरून उठलो. त्या दिवसापासून महिनाभर मागच्या पडवीत पाटीवर तिरकी अक्षरं गिरवत बसलो. कुणाला कळू दिलं नाही.

मग कामगारांची ने-आण करायला कंपनीची बस आली. दोन्ही अंगांवर इंग्रजीत नाव घालायचं होतं. साहेब म्हणाले, "उजवी बाजू यांची, डावी तुमची. ज्याचं काम सरस, तो कायम."

माझी मती फिरली ती तिथंच. दुपारी तिरका डबा खायला गेला, तसा मी त्यानं आखलेल्या अक्षरांवर पातळ कागद धरला आणि रेघ न रेघ उतरवून घेतली. कागदाला टाचणीनं भोकं पाडली, डाव्या बाजूला लावून वरून कोळशाची पूड मारली. झालं! त्याचीच अक्षरं माझ्या बाजूला. हात सरावलेला होताच. मनात म्हटलं, आता बघू बेट्या, कसा सरस ठरतोस.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम कासारवाडी स्टेशनाबाहेर जाऊन उभा राहिलो. बस रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेली, तेव्हा तिची उजवी बाजू दिसली. काय दिसत होतं ते नाव! बस पुढं आणि अक्षरं तिच्याही पुढं निघालेली. मग बस वळून आली, आमच्याकडे दार करून थांबली आणि लोक चढल्यावर हळूच निघाली. गर्दीतून एक जण ओरडला, "आयला, ही मागं चाललीय का काय?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. उजव्या अंगाला बसचं तोंड उजवीकडे, डाव्या अंगाला डावीकडे. अक्षरं मात्र दोन्हीकडे उजवीकडेच झुकलेली. माझ्या बाजूचं नाव बसला शेपटाकडून ओढत होतं. लोक खो खो हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंपनीत आलो तर साहेबांशेजारी तिरका उभा. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही तुमची अक्षरं का नाही काढलीत? डाव्या बाजूला तिरकी चालत नाहीत. जागाही ऐसपैस होती. म्हणून तर ती बाजू तुम्हाला द्या, असं मीच साहेबांना सांगितलं. तुमच्यासारखी उभी, भरदार अक्षरं मला नाही जमत."

मेल्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच्याच शब्दाखातर साहेबांनी मला आणखी एक दिवस दिला. डावी बाजू पुसायला रॉकेल आणि चिंध्याही त्यानंच आणून दिल्या. मी पत्रा लख्ख केला, दोरा मारून रेघ आखली, ब्रश भरला. आयुष्यभर काढत आलेलं ते उभं, भरदार अक्षर काढलं आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं.

ते उजवीकडे झुकलं होतं.

पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा झुकलं. साहेब काही बोलायच्या आत मीच ब्रश तिरक्याच्या हातात दिला.