कुणी ओरडतंय का?

डोरीन बोयकोला काळजी करायला कारण लागत नसे. मुलगी गाडी घेऊन गावाबाहेर निघाली की ही फोन हातात धरून बसायची. चर्चच्या हॉलमधलं कॉफीचं भांडं बंद केलं की नाही, ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत जायची. नवरा एमिल म्हणायचा, "आमच्या घरात धुराचा अलार्म कशाला? डोरीन आहे की." माणूस चांगला, पण हा विनोद तो दर नाताळात करायचा.

अशा बाईच्या गळ्यात कर्टिसनं ऑफिस 'हिरवं' करायचं काम घातलं. धान्याच्या कोठारांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कॅनडातल्या यॉर्कटनमधली ही छोटी कंपनी त्याच्या बापानं, वॉल्टरनं, काढलेली. वॉल्टर गेला तशी कंपनी कर्टिसकडे आली, आणि तिच्याबरोबर पगारापासून कुलूपकिल्ल्यांपर्यंत सगळं सांभाळणारी डोरीनही. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं की वीज कमी जाळणाऱ्यांशीच यापुढे व्यवहार. सस्कॅचवानात वीज अजून बरीचशी कोळशावर आणि गॅसवर होते, त्यामुळे नुसत्या गप्पा मारून भागणार नव्हतं.

"तू कर," कर्टिस म्हणाला. "तुझ्याइतकं बारीक लक्ष इथं कुणाचं नाही."

ही स्तुती होती की टोमणा, हे डोरीनला कळलं नाही. मग ती त्याचीही काळजी करत घरी गेली.

पण काम तिनं चोख केलं. दिवे बदलले, हीटर कमी केला, लोक लोकरीच्या टोप्या घालून टायपिंग करू लागले. तोवर सगळे गोड हसत होते. पार्किंगमध्ये गाड्यांची इंजिनं गरम ठेवणारे प्लग असतात. त्यांना तिनं टायमर बसवले, तेव्हा मात्र बोंबाबोंब झाली.

"संध्याकाळी माझी गाडी चालू झाली नाही तर तू मला पाठुंगळी घेऊन घरी सोडणार का?" प्रोग्रॅमर गॅरेटनं विचारलं.

"सोडीन. आधी तू डोनट कमी कर."

मग मागच्या खोलीची पाळी आली. तिथं कंपनीची कंप्युटर मशीनं रात्रंदिवस चालायची, आणि बाहेर उणे तीस असतानाही त्यांना गार ठेवायला एसी लावलेला असायचा. हा वेडेपणा इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आला नव्हता. गॅरेटनं बरंचसं काम दूरच्या भाड्याच्या मशीनांवर हलवलं, इथली एकेक बंद केली. उरलं ते सगळ्यात खालच्या फळीवरचं एक जुनं करडं खोकं. ते काय करतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा पासवर्ड वॉल्टर सोबत घेऊन गेला होता.

"ओरड-चाचणी करू," गॅरेट म्हणाला.

"म्हणजे?"

"बंद करायचं. ज्याचं अडेल तो ओरडत येईल. कुणी ओरडलं नाही तर भंगारात."

"आणि ओरडायच्या आधीच कुणाचं काही बिघडलं तर?"

"अगं, आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. अरे देवा, तुला काय प्लग काढतानाही पाद्री लागतो का?"

सगळे हसले. डोरीनला आयुष्यभराच्या त्या हसण्याचा एकदम वीट आला. ती वाकली आणि तिनं स्वतःच्या हातानं प्लग उपटला. तीनतीनदा न विचारता केलेलं हे तिचं बहुधा पहिलंच काम.

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की वाटायचं, आला ओरडा. दार उघडलं की वाटायचं, आलं कुणीतरी. कुणी आलं नाही. कर्टिसनं खूश होऊन केक आणला, त्यावर तिचं नाव हिरव्या साखरेत लिहिलेलं. तिनं आपला तुकडा गॅरेटला देऊन टाकला. त्यात थंडीची लाट आली, उणे अडतीस. एमिल पुन्हा ते अलार्मचं बोलला आणि डोरीन विचार करू लागली. अलार्म बिघडला तर तो ओरडणार कसा? तो गप्पच राहणार. आणि धडधाकट असतानाही तो गप्पच असतो. त्या खोक्याचं कामच जर असं काही असलं, तर त्याच्यावाचून अडलेल्या माणसाला आपलं अडलंय हे तरी कळेल का?

तिनं गॅरेटला विचारलं, "परत लावू का?"

"लाव. आणि गिऱ्हाइकाला कळव, आम्ही एका खोक्याला घाबरलो."

ती ओशाळली आणि गप्प बसली. ह्या गप्प बसण्याबद्दल तिनं स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही, आणि माझ्या मते करूही नये.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पेरोगी करायला मंडळी जमली. बायका बटाट्याचं सारण भरून चिमटीनं कडा मिटत होत्या, पुरुष मोठ्या पातेल्यांत उकळायला टाकत होते. गावाच्या उत्तरेला शेती असलेला रॉन हातातला झारा हलवत म्हणाला,

"काय गं, तुमचं मशीन मेलं काय?"

डोरीनच्या हातातली पेरोगी फुटली. "कुठलं मशीन?"

"वॉल्टरचं. आमच्या शेजारी मेट्रो चोर्नी नाही का, एकटा राहतो तो म्हातारा? त्याच्या स्वयंपाकघरात वॉल्टरनं एक डबी ठोकली होती. घर गार पडलं की ती तुमच्या मशीनला सांगायची, मशीन माझ्या फोनला. मग मी मेट्रोला फोन करायचो. दर हिवाळ्यात दहा वेळा तरी घंटी यायची. यंदा ह्या थंडीतसुद्धा चूप. म्हटलं, म्हाताऱ्यानं घर तापवायची भट्टी दुरुस्त केली वाटतं."

"तू त्याला फोन केलास?"

"मशीन कळवतं ना."

"रॉन, मशीन बंद आहे! मी बंद केलंय! आत्ता कर फोन, आत्ता!"

रॉननं पीठ लागलेल्या हातानंच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा नुसता वाजत राहिला. तेव्हा रॉनचाही चेहरा उतरला.

डोरीननं एप्रन काढलाच नाही. तिच्या गाडीतून दोघं निघाली. खडीच्या रस्त्यावर बर्फाची भुकटी आडवी उडत होती, पुढचं धड दिसत नव्हतं. वीज वाचवायला निघाले आणि माणूस मारला, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. रॉन शेजारी बसून काहीतरी बोलावं म्हणून म्हणाला, "झोपला असेल." डोरीन म्हणाली, "तू गप्प बस." तिनं आजवर कुणाला असं म्हटलं नव्हतं.

मेट्रोचं घर दिसलं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, आणि पडदा कडक होऊन बाहेर लोंबत होता.

रॉन धावत आत घुसला, मागोमाग डोरीन.

जाड कोट, कानटोपी आणि हातमोजे घालून मेट्रो टेबलापाशी एकटाच पत्ते लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बूट काढा. फरशी पुसलीय."

डोरीन मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"भट्टी बंद पडली का?" रॉननं विचारलं.

"तिला काय धाड भरलीय? ऐक की, खाली धडाडतेय."

खरंच धडाडत होती.

"मग फोन का उचलला नाहीस?"

"वाजला तो. म्हटलं, आता फोन नको. आता येऊ दे जातीनं."

"आणि ही खिडकी?"

मेट्रोनं एक पत्ता उचलला, परत ठेवला. डोरीनचं लक्ष खिडकीशेजारच्या भिंतीवर गेलं. पांढरी डबी होती, वॉल्टरनं ठोकलेली.

"एरवी अर्ध्या तासात यायचा फोन," मेट्रो पत्त्यांकडे बघत बोलू लागला. "खिडकी उघडून बसायचं, की आलाच. 'मेट्रो, बरा आहेस ना?' मी म्हणायचो, बरा आहे. मग तू गाईंचं सांगायचास, पोराचं सांगायचास. ठेवलास फोन की मी खिडकी लावायचो. यंदा तासभर बसलो. मग दोन तास. काल नळ गोठला. म्हटलं, रॉन आपल्यावर रागावला."

"तुला... मशीनचं माहीत होतं?"

"माझ्यासमोर ठोकलंय ते. म्हातारा आहे मी, बावळट नाही."

डोरीननं एप्रननं डोळे पुसले. "मेट्रोकाका, ते मी बंद केलं. वीज वाचवायला."

मेट्रोनं प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "किती वाचली?"

"थोडीशी."

"मग ती सगळी मी इथं उधळली की गं."

रॉन खिडकीकडे गेला. चौकटीत बर्फ साचलं होतं, ती सरकेना. त्यानं मुठीनं ठोकून ठोकून बर्फ पाडलं आणि खिडकी लावली. मग तिथंच पाठमोरा उभा राहिला.

"मी करीन फोन," तो म्हणाला. "रोज करीन. डोरीन, ते मशीन राहू दे बंद. त्याची काही गरज नाही."

मेट्रोनं पत्ते गोळा केले, टेबलावर आपटून सारखे केले.

"तू लाव गं ते, पोरी," तो म्हणाला. "याचा काय भरवसा."

डोरीनला हसू आलं होतं. पण रॉन अजून वळला नव्हता, म्हणून ती हसली नाही.