पाऱ्याच्या नावाचा पत्ता

"पापा नहीं रहे," रामटेके काकाजींचा मुलगा अमित भैया फोनवर एवढंच म्हणाला... तेव्हा रडू आलं. राग आला तो नंतर, आणि काही आठवडे झाले तरी तो उतरत नाही.

रामटेके काकाजी रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बीरगांवात, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमच्या शेजारीच राहिले. माझे बाबा कारखान्यात. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि त्यात काकाजींचा वाटा आईबाबांइतकाच. पाऱ्याचं नाव सांगितलं की शहरातल्या माणसांचा चेहरा बदलतो, हे आम्हां पोरांना लहानपणीच कळलं होतं. काकाजींनी इंटरनेटवर मुद्दाम पाऱ्याच्याच नावाचा पत्ता घेतला, पडवीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला आणि शिकणाऱ्या प्रत्येक पोराला त्यावर ईमेल दिला. लोक हसायचे. "फुकटात भेटते ना मेल, मंग कायले बिजली जाळून राहिले, रामटेके?" काकाजी म्हणायचे, "तुम्ही जन्मभर किरायाच्या खोलीत राहा. आमच्या पोट्ट्यायचं घर आपलं पाहिजे."

पण त्यांच्या सर्व्हरची काळी स्क्रीन कोणी उघडेना. मग त्यांनी आमचे डबे, म्हणजे सर्व्हरवरचे मेलबॉक्स, एका मोठ्या वेबमेल सेवेला जोडायचं ठरवलं. मेल येणार घरी, वाचायची वेबमेलमध्ये. माऊसला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. सर्व्हरचं नाव, पासवर्ड, सगळं आम्हीच भरायचं. शेवटी एक छोटा चौकोन असे : 'सर्व्हरवर प्रत राहू द्या.' तो आपणहून भरलेला नसतो. टिक केली नाही, तर वेबमेल सगळं उचलून नेते आणि घरचा डबा रिकामा होतो. "वाच वं पोट्टे. मोठ्यानं वाच. मंग टिक कर."

रविवारी विहारातून आले की ते सगळ्यांना एका ओळीची मेल टाकायचे, 'पोचलं का?' उत्तर येईपर्यंत त्यांचा चहा थंड होत असे.

नोकरीसाठी मी त्याच पत्त्यावरून अर्ज केला. तो त्या ऑफिसच्या जंकमध्ये, म्हणजे मेलच्या कचऱ्यात, पडला. फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "मैडम, कोई ढंग की आईडी नहीं है क्या?" मी रडत काकाजींकडे गेले, म्हटलं, दुसरा पत्ता काढते. ते असे संतापलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "तुह्या अर्जात खोट हाय का? नाही ना? मंग तू काहून बदलतं? त्यायले म्हण, कचऱ्यातून काढा." मी पुन्हा फोन केला. त्यांनी काढला. आज मी तिथेच नोकरीला आहे.

काकाजी गेल्यावर अमित भैयानं त्यांची मेल जपायची म्हणून पंडरी बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं काकाजींचा डबा नव्या वेबमेल खात्याला जोडला, चहा पिऊन गेला. तो चौकोन कोणी वाचला नाही. काकाजींची सगळी मेल उचलली गेली, घरचा डबा रिकामा. एकदम इतकी मेल आलेली पाहून वेबमेलच्या कंपनीनं ते खातं संशयास्पद ठरवून बंद केलं. उघडायचं तर खात्यात नोंदवलेल्या काकाजींच्या मोबाईलवर आलेला कोड द्या म्हणे... आणि ते सिम भैयानं तोवर बंद करून टाकलं होतं. कंपनीला मी किती वेळा लिहिलं! उत्तर दर वेळी मशीनचं, तेच.

राग कोणाकोणावर धरू? दुकानदारावर, कंपनीवर, भैयावर. आणि काकाजींवरही. अख्ख्या पाऱ्याला शिकवलंत, पोटच्या पोराला का नाही? "त्याले सुट्टी नसते," म्हणायचे. एका रविवारी बसवायचं होतं त्याला, मोठ्यानं वाचायला लावायचं होतं.

पडवीतला कॉम्प्युटर मी मागितला. भैया म्हणाला, "ले जाओ, कबाड़ ही तो है." मी वायरी गुंडाळायला लागले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

आता तो माझ्या खोलीत सुरू आहे. आम्हां सगळ्यांचे डबे त्यात शाबूत आहेत, कारण आम्ही टिक केली होती. रिकामा आहे तो फक्त काकाजींचा.

परवा रविवारी मी सगळ्यांना लिहिलं, 'पोचलं का?' पहिलं उत्तर मागच्या गल्लीतल्या कॉलेजच्या मुलीचं आलं : 'हव दीदी, पोचलं. पर जंक में था.'

मी लिहिलं, 'काढ बाहेर.'