पेपरवेटचं गाव

सासऱ्यांच्या टेबलावर निळ्या फुलांचा काचेचा पेपरवेट असे. तो व्हेनिसचा, हे घरी येणारा प्रत्येक पाहुणा ऐकून जाई. सासरे गेल्यानंतर मी तो जुन्या काचवस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांना दाखवला. त्यांनी फुलांकडे पाहिलंच नाही. पेपरवेट उलटा करून बुडावरच्या खरबरीत खुणेवर बोट फिरवलं.

"तापलेला गोळा सळईवरून तोडतात, त्याची ही खूण. फुलांची नक्कल होते हो, पण बूड घासायची रीत ज्याची त्याची. हा आग्र्याजवळच्या फिरोजाबादचा दिसतो."

परतताना वाटलं, माणसांचंही मूळ असंच टेबलाला टेकलेल्या बाजूला राहत असेल.

सासूबाईंना सांगायला जीभ रेटेना. त्यांनीच विचारलं, "फिरोजाबादचा म्हणाले ना?"

मी पेपरवेट त्यांच्या हातात दिला.

"ताजमहाल बघून येताना घेतला होता. मला व्हेनिसला न्यायचं कबूल केलं होतं यांनी. जमलं नाही, ते फार मनाला लावून घेतलं. म्हणून एकदा पाहुण्यांसमोर मीच म्हटलं, हा आम्ही व्हेनिसहून आणला. हे किती हसले होते त्या दिवशी! मग जन्मभर आम्ही दोघांनी ते व्हेनिस सांभाळलं."