दीपगृहाच्या चार जास्तीच्या पायऱ्या

आमच्या बेटावरून सुटणाऱ्या बोटीला शिट्टीमामांनी एकतीस वर्षं शिट्टी दिली. मग बोटीवर भोंगा बसला आणि मामा घरी बसले. घरी मामी होत्या, त्यामुळे आठवड्याभरात मामा पुन्हा धक्क्यावर दिसू लागले. बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना ते गाव दाखवायचे. जुनी जकात कचेरी, तिच्यासमोरची गंजकी तोफ, छत्री उघडली तर दोन्ही भिंतींना अडकते अशी दोरवाल्यांची गल्ली, आणि शेवटी माझ्या घरासमोरचं दीपगृह. मामांची तोफ रोज नव्या शत्रूवर उडायची. मी खिडकीतून तारखा दुरुस्त करायची.

"मामा, अठराशे बेचाळीस!"

"बाई, पाहुण्यांना आधी तोफ तर बघू द्या!"

यंदा नगरपालिकेने नियम काढला: लेखी परीक्षेत पन्नासपैकी चाळीस गुण, नाहीतर गाव दाखवायचा परवाना नाही. मामा पडेल चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"परवाना गेला तर दिवसभर मामीसमोर बसायचं, बाई. आणि ती पुस्तिका उघडली की मला झोप लागते."

"पुस्तिका कशाला? लिहिणारी समोर बसलीय की!"

नगरपालिकेची ती पुस्तिका बावीस वर्षांपूर्वी मीच लिहून दिली होती. त्यावर माझं नाव छापलं नाही, हे मी गावात भेटेल त्याला सांगून झालंय. मामांना मी थेट माझ्या डायऱ्यांमधून शिकवलं, तेही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या पद्धतीने: तारखेखाली पट्टीने रेघ, आणि एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. साठीतला माणूस माझ्यासमोर घाम पुसत बसायचा. मला फार बरं वाटायचं.

मामांना एकोणचाळीस मिळाले.

"दीपगृहाच्या पायऱ्या चुकल्या," ते म्हणाले. "मी एकशे सदतीस लिहिल्या. पुस्तिकेत एकशे एक्केचाळीस आहेत म्हणे. तुम्हीच सदतीस सांगितल्यात ना?"

सांगितल्या होत्या. आणि सदतीसच आहेत. पुस्तिकेसाठी मोजताना मी मधले चार सपाट टप्पेही पायऱ्यांत धरले होते. आमचे हे मागून चढत होते. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाले, "एकशे सदतीस." मी म्हटलं, "तुमचं लक्ष समुद्राकडे होतं." छापलं गेलं ते माझं.

दुसऱ्या दिवशी दोन डायऱ्या पिशवीत घालून मी मामांबरोबर नगरपालिकेत गेले.

"आजी, छापलेलं चूक कसं असेल?" कारकून म्हणाला. "आणि ते तुम्हीच लिहिलंत कशावरून?"

मी पहिली डायरी उघडून वाचली. "आज पुस्तिका पूर्ण करून दिली. पायऱ्या १४१. यांचं म्हणणं १३७. यांना मोजायचं कळत नाही."

"काका काय करायचे?"

"शाळेत गणित शिकवायचे."

मामा खिडकीबाहेर बघू लागले. दुसरी डायरी वाचायची माझी अजिबात इच्छा नव्हती, पण मामांचा एक गुण तिच्यात अडकला होता.

"हे जाऊन आज महिना झाला. एकटीच दीपगृहावर चढले. टप्पे सोडून मोजल्या. १३७. कोणाला सांगायचं नाही."

कारकुनाने डायरीवरचं साल बघून चष्मा काढला. "म्हणजे बारा वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

"चौदा," मी म्हटलं. सवय जात नाही.

पायऱ्या मोजायला शिपाई पाठवला गेला. तो सदतीस मोजून, माझ्या नावाने बोटं मोडत खाली आला. मामांना चाळिसावा गुण मिळाला, परवानाही मिळाला. मामींनी मला निरोप पाठवला, "उपकार झाले."

आता मामा पाहुण्यांना माझ्या खिडकीखाली उभं करतात. "पायऱ्या एकशे सदतीस. वर बसलेल्या बाईंनी एकशे एक्केचाळीस मोजल्या होत्या. बाईंच्या साहेबांचं बरोबर होतं."

सगळे माना वर करून बघतात. मी हात हलवते. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसतं.