रानगुलाबाची छाटणी

एका दुपारी मी गुलाबाची चाळीस कलमं मारून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. जळत होते, म्हणून.

लग्नाआधी मी ह्यांचा नुसता फोटो पाहिला होता. साताऱ्याहून निघाले ती थेट दिल्लीच्या सरकारी रोपवाटिकेतल्या क्वार्टरमध्ये. फोटोतला टाय फोटोवाल्याचा निघाला, आणि ह्यांच्या अंगाला बारा महिने शेणखताचा वास. चहूकडे रोपं, आणि हिंदीतलं मला येत होतं फक्त ‘अच्छा’.

त्याच महिन्यात आमच्या माळ्याची बायको बिहारहून आली. तिनेही नवऱ्याचा फोटोच पाहिलेला. मी खिडकीच्या आत रडायचे, ती खिडकीबाहेर हसायची. नवरा खुरपायला बसला की मागून त्याच्यावर पाइप धरायची! मी ह्यांच्यावर पाणी उडवलं असतं तर सरकारी पाण्याचा अपव्यय म्हणून ऐकून घ्यावं लागलं असतं.

त्यात ह्यांनी तिला कलम बांधायला शिकवलं. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची. रोज जेवताना तेच. तिच्या हाताला गुण आहे म्हणे. तिची चाळीस कलमं जगली की साहेबांना सांगून तिला रोजंदारीवर घेणार. माझ्या हातच्या आमटीबद्दल कधी अवाक्षर नाही.

होळीच्या आधी हे म्हणाले, डोळे फुटलेत, आता रानटी भाग छाटायचा. मी मनात म्हटलं, त्यात काय मोठं? आपणच छाटू, मग बघू कुणाच्या हाताचं कौतुक होतं. हे ऑफिसात, ती नळावर. मी कात्री उचलली. प्रत्येक रोपाला वर छान हिरवीगार फांदी, आणि खाली मळक्या पट्टीतून डोकावणारं इवलंसं लालसर काहीतरी. रानटी ते मळकंच असणार, नाही का? चाळीसच्या चाळीस कोंब उडवले. वर त्या हिरव्या फांद्यांना पाणी घालून आले, शहाणी.

संध्याकाळी हे घरी आले ते बातमी घेऊनच. साहेबांना वाटलं होतं तिनेच रानटी फांद्या ठेवून चांगल्या गुलाबाचे डोळे छाटले, आणि तिची रोजंदारी हुकल्यातच जमा होती. मग मात्र मला बोलावंच लागलं. हे तसेच चप्पल घालून साहेबांकडे गेले आणि कात्री चालवणारा हात आमच्या घरातला होता असं सांगून आले. हंगाम सरत आला होता, तरी साहेबांनी तिला आणखी चाळीस खुंट दिले. तिला मात्र तूच सांग, असं ह्यांनी मला बजावलं.

सकाळी गेले. ती खुंटांपाशी बसली होती. मत्सराला हिंदीत काय म्हणतात ते कुठे ठाऊक होतं! छातीवर हात ठेवून म्हटलं, “मैंने काटा. मेरे को इधर आग लगा.”

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हसली नाही. बाजूला सरकून जागा केली आणि म्हणाली, “आग लगी थी तो आके बोल देतीं, बीबीजी. काटना भी अब हम ही सिखाएँगे. बैठिए, चालीस बाकी हैं.”