कवड्यांचे डोळे

वार्ताहर म्हणून वेंगुर्ल्यात काम करताना देवचाराच्या, चकव्याच्या पुष्कळ हकिगती माझ्याकडे आल्या. एकही छापली नाही, कारण आणखी दोन माणसांना विचारलं की त्या विरघळून जायच्या. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण खाली लिहितोय ते ऐकीव नाही – मी स्वतः काढलेल्या एका फोटोबद्दल आहे.

साल २००६. ठिकाण शिरोडा, किनाऱ्यालगतची मच्छीमारांची वाडी. इथला मधू माझ्या ओळखीचा. काही वर्षांपूर्वी वादळात त्याची होडी गेली ती परत आली नाही. ना अंग मिळालं, ना फळकुट. बातमी मीच दिली होती. त्यात शब्द होता 'बेपत्ता'. 'मृत' लिहायला पुरावा नव्हता. त्याची बायको शैला बाजारात मासे विकताना भेटली की एकच सांगायची, "भाऊ, तुमी बेपत्ता लिवलास. तो शब्द बदलू नकात."

बदलायचा होता तो तिच्या सासूला, मधूच्या आयेला. अंग मिळालं नाही तर माणसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही आपल्याकडची रीत. त्यासाठी बारा वर्षं थांबतात. आये म्हणाली, "बारा वर्सां मी जगतलंय खंय? माझो झील मधू थंय पाण्यात लोंबकाळता. तेका वाट होयी."

भटजींनी पितृपक्षातला एक दिवस दिला. मधूचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर, त्याला सुट्टी नव्हती. त्याने फोनवर मला सांगितलं – सगळ्याचे फोटो काढून मेल करा. माझ्याकडे नुकताच डिजिटल कॅमेरा आला होता. म्हणून मी तिथे होतो.

सकाळची वेळ, पण आभाळ भरलेलं. घरापुढच्या खळ्यात मांडव, वर ताडपत्री. कॅमेरा ऑटोवर होता, त्यामुळे उजेड कमी दिसला की आतला फ्लॅश आपोआप उडायचा. पहिला फोटो ओटीवर बसलेल्या आये आणि शैलाचा. विधीला बसणारा मधूचा चुलतभाऊ बबन स्क्रीनमध्ये डोकावला.

"गो वैनी, डोळे बघ तुझे! लालभडक. पोरां वाडी सोडून पळतली."

"तुझे मेल्या फोटो न काढताच लाल असतत," शैला म्हणाली. दारूवरून टोमणा होता. बबन हसला, आयेसुद्धा हसली... त्या दिवसातलं तेवढंच.

मी समजावून सांगितलं. फ्लॅश लेन्सला अगदी लागून असतो. त्याचा उजेड थेट डोळ्याच्या तळाशी जातो आणि तिथल्या रक्ताचा रंग घेऊन परत येतो. भूतबीत काही नाही.

शैलाने विचारलं, "म्हंजे भिंतीवरच्या फोटोचे लाल येणत नाय?"

नाही, म्हटलं. आत रक्त हवं.



भटजी आणि बबनने पुतळा मांडला. पळसाच्या पानांचं अंग, दर्भाने बांधलेलं. डोक्याच्या जागी नारळ. डोळ्यांच्या जागी दोन कवड्या, फट वर करून. तशा त्या मिटलेल्या डोळ्यांसारख्या दिसतात. आयेने वर मधूचा निळा शर्ट पसरला. आता पुतळा उचलून किनाऱ्यावर न्यायचा आणि मागे शैलाचं मंगळसूत्र उतरवायचं. शेजारच्या बायका त्यासाठीच थांबल्या होत्या.

मी एकाच जागेवरून ओळीने काही फोटो घेतले आणि नीट आले का ते पाहिलं. पहिल्यात कवड्या पांढऱ्या. मधल्या एकात दोन्ही फटींमध्ये लाल. मोठा करून पाहिला. कवडीच्या पाठीवर चकाकी पडली असती तर ती पसरली असती. हा रंग फटीच्या आत होता – शैलाच्या डोळ्यांत आला होता तोच. पुढच्या फोटोत कवड्या पुन्हा पांढऱ्या.

माझा चेहरा बदलला असावा.

"भाऊ, माका दाखवा," शैला म्हणाली. मी कॅमेरा दिला. तिने बराच वेळ पाहिलं. मग मांडवात जाऊन पुतळ्यासमोर उभी राहिली.

"हेका उचलूचा नाय."

"शैला, येडी झालंस?" आये ओरडली. "माझ्या झिलाची वाट अडवतंस?"

"आये, तो बघतासा. बघणाऱ्याक जाळतलास?"

भटजींनी कॅमेरा हातात घेतला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "शंका आली की अग्नी द्यायचा नाही," एवढंच म्हणाले आणि दर्भाच्या गाठी सोडवायला बसले. आये निळा शर्ट पोटाशी धरून बसून राहिली. नंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. शेवटपर्यंत मुलासाठी वाट मागत होती, असं बबन सांगतो.

कणकवलीतल्या एका स्टुडिओवाल्या मित्राकडून मी ती फाइल तपासून घेतली. त्याला खाडाखोड सापडली नाही. बबनच्या खांद्यावर लाल पंचा होता, त्याचं प्रतिबिंब म्हणावं – तर पुढच्या-मागच्या फोटोंतही तो तिथेच उभा आहे. तोच पंचा आणि दुसऱ्या कवड्या घेऊन ताडपत्रीखाली आम्ही पुन्हा फोटो काढून पाहिले. पांढऱ्याच आल्या.

पुतळ्याच्या त्या दोन कवड्या शैलाने देवाच्या फळीवर ठेवल्यात. शिरोड्याला गेलो की ती त्या ओटीवर आणून मांडते. मी फ्लॅश टाकून फोटो काढतो आणि स्क्रीन तिच्यासमोर धरतो. पहिल्यांदा पांढऱ्या आल्या तेव्हा वाटलं, आता तरी ती यातून सुटेल. म्हटलं, "शैला, बघ. लाल नाय."

तिने शांतपणे कवड्या उचलल्या, पदराने पुसल्या.

"नसतलेच. तो थंय कित्याक रवात? भायर पडलो. घराच्या वाटेर आसतलो."

मी कॅमेरा बंद केला. 'मृत' लिहायला पुरावा माझ्याकडे अजूनही नाही.